वेळापत्रक जानेवारीचं, घरात मात्र श्रावण

‘ताई, मी मूळची अकोल्याची. लग्न होऊन बदलापूरला आले त्याला सात वर्षं झाली. मोठी ५ वर्षांची, सिनियर केजीत आहे. धाकटा अडीच वर्षांचा. हे सकाळी सातच्या लोकलने मुंबईला जातात, परत यायला रात्रीचे नऊ वाजतात. मी घरूनच हिशेबाची कामं करते. जानेवारीत मी एक वेळापत्रक लिहून फ्रिजवर चिकटवलं. उठणं, खाणं, खेळणं, रात्री आठला झोप. दोन महिने अगदी छान चाललं. एप्रिलमध्ये त्याची वाट लागली. जूनमध्ये शाळा उघडल्यावर पुन्हा घडी बसवली, ती पावसाने विस्कटली. आता श्रावण आहे. घरभर ओले कपडे, दोघांपैकी एकाचं नाक कायम वाहतंय, आणि स्वयंपाक होईपर्यंत धाकट्याच्या हातात मोबाईल द्यावा लागतो. माझ्या ओळखीतली एक आई दर सणाला मुलांकडून काहीतरी सुंदर करून घेते नि फोटो टाकते. ते पाहिलं की रडू येतं. सासूबाई संगमेश्वरला असतात. त्या फोनवर म्हणतात, आम्ही चार मुलं वाढवली, आम्हाला नाही कधी कागद लागला. मी कुठे कमी पडतेय? आणि गणपतीला गावी आठवडाभर जावं की शाळा, सर्दी बघून दोन दिवसांत परत यावं?
– एक थकलेली आई, बदलापूर’

तू मला ताई म्हणालीस, म्हणून तुला ‘तू’च म्हणते. मी ३१ वर्षं बालवाडीत काढली, माझी स्वतःची दोन मुलं वाढवली, आणि असली तीन वेळापत्रकं मीही फाडली आहेत. तेव्हा पहिलं काम हे कर: तो कागद फ्रिजवरून काढ.

कागदात चूक काहीच नाही. चूक महिन्याची आहे. जानेवारी हा आपल्याकडचा सगळ्यात समजूतदार महिना. सकाळी वाळत घातलेले कपडे दुपारी घडी करता येतात. मुलांना भूक लागते, पांघरुणात ऊब असते, डास कमी असतात. आणि एक साधी गोष्ट आपल्या लक्षात येत नाही: जानेवारीच्या सुरुवातीला तुमच्याकडे सव्वासहाच्या आसपास सूर्य मावळतो, आठ वाजता बाहेर मिट्ट काळोख असतो. जूनमध्ये सूर्यास्तच सव्वासातला. आठला तू दिवा मालवलास तरी खालून पोरांच्या खेळण्याचा आवाज येतोय, खोली भट्टीसारखी तापली आहे. कुठलं मूल झोपेल? वर्षातल्या सगळ्यात सोप्या महिन्यात तू एक मापाचा कपडा शिवलास आणि उरलेले दहा महिने तो बसत नाही म्हणून स्वतःला बोल लावते आहेस.

फक्त दोन गोष्टी बाराही महिने धरून ठेव. रात्रीची आणि दुपारची मिळून मुलांची पुरेशी झोप (३ ते ५ वर्षांच्या मुलाला दिवसभरात १० ते १३ तास लागते, धाकट्याला त्याहून थोडी जास्त), आणि दिवसातलं एक जेवण तुम्ही एकत्र बसून. मग झोप आठची असो की साडेनऊची, जेवण पाटावर होवो की बेडवर. बाकी सगळं ऋतूप्रमाणे सरकू दे. आणि दर ऋतूत घरातलं एक काम चक्क सोडून दे. हे दुसरं जास्त महत्त्वाचं, कारण नवीन ऋतू येताना चार नवी कामं घेऊन येतो आणि आपण जुन्यातलं एकही खाली ठेवत नाही.

आता पावसाळा, म्हणजे तुझी खरी दुखरी जागा. बदलापूरचा पाऊस मला ऐकून माहीत आहे, आणि अकोल्यात वाढलेल्या मुलीला तो सुरुवातीला चार महिन्यांचा तुरुंग वाटला असणार. इथे सोडून द्यायचं काम म्हणजे रोजची धुणी. रोज फक्त आतले कपडे, मोज्यांची जोडी आणि गणवेश. ते संध्याकाळी धुऊन, मशीन असेल तर दोनदा पिळून, रात्रभर पंख्याखाली. दोन कपड्यांत चार बोटं जागा सोडायची. ओल्या कपड्यांना वास सुटतो तो ते बादलीत नाहीतर दोरीवर एकमेकांवर पडून राहतात म्हणून. चादरी, जीन्स, टॉवेल यांना उघडिपीची वाट पाहू दे. मुलांनी एक फ्रॉक दोन दिवस घातला तर काही बिघडत नाही. पायांच्या बोटांच्या बेचकीत मात्र रोज कोरडं पूस, चिखल्या तिथेच होतात.

कपाटात डांबराच्या गोळ्या ठेवल्या असशील तर आजच काढ. अडीच वर्षांच्या मुलाला ती पांढरी गोळी पेपरमिंटच वाटते, आणि काही मुलांचं रक्त तिने धोकादायक रीतीने बिघडतं. तिच्या जागी कापूर ठेवतात, तोही वरच्या फळीवर, हात पोहोचणार नाही असा. कापूर पोटात गेला तर लहान मुलाला झटके येऊ शकतात. ‘भीमसेनी आहे, काही होत नाही’ हे वाक्य तुला कोणी ना कोणी ऐकवेलच. ऐकून घे आणि डबी वरच ठेव.

नाक वाहण्याबद्दल. शाळेत जाणारं लहान मूल वर्षातून सहा ते आठ वेळा सर्दीने आजारी पडणं हे नेहमीचं आहे. एकेक सर्दी आठ-दहा दिवस चालते. घरात अशी दोन मुलं, त्यातल्या बऱ्याच सर्द्या पावसाळ्यात, आणि एकाची दुसऱ्याला. गुणाकार कर म्हणजे कळेल की श्रावणात कायम कोणाचं तरी नाक वाहतं आहे यात तुझ्या हातून काहीच सुटलेलं नाही. बहुतेक सर्द्या विषाणूंच्या असतात, अँटिबायोटिकने त्या बऱ्या होत नाहीत. खोकल्याच्या बाटलीबद्दल तर आता सरकारनेच सांगितलं आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने सूचना काढली की २ वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊ नयेत आणि ५ वर्षांखाली ती साधारणपणे नकोतच. तेव्हा मेडिकलवाल्याला ‘पोरासाठी काहीतरी द्या’ म्हणू नकोस. मुलं एक वर्षावरची आहेत, झोपताना चमचाभर मध चाटव, गरम वरण-भात, साधं सार दे. वाफारा नको. उकळत्या पाण्याचं भांडं आणि वळवळणारं मूल एकत्र आलं की सर्दी राहते बाजूला, भाजल्याचं निस्तरावं लागतं.

डॉक्टरांकडे कधी धावायचं तेही सांगते, म्हणजे बाकीच्या दिवशी तुला निर्धास्त राहता येईल. मूल शांत असताना सदरा वर करून पूर्ण एक मिनिट श्वास मोज. १ ते ५ वर्षांच्या मुलाचा श्वास मिनिटाला ४० किंवा त्याहून जास्त भरला, किंवा श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडत असेल, तर सकाळची वाट बघायची नाही. पाणी पीत नाही, सहा-आठ तासांत शू झाली नाही, उठवूनही नीट जागं होत नाही, ताप तीन दिवस हटत नाही, तेव्हाही जायचं. आणि पावसाळ्यातल्या तापात पॅरासिटामॉलखेरीज तापाचं दुसरं औषध आपल्या मनाने द्यायचं नाही, डेंग्यू असला तर ते अंगाशी येतं.

डेंग्यूचं नाव निघालंच आहे तर तुझ्या मोठीला एक नोकरी देऊ या. तो डास दिवसा चावतो आणि घरातल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा सगळी भांडी कोरडी केली की साखळी तुटते. रविवारी सकाळी तिच्या हातात एक जुना ब्रश दे. कुंड्यांखालच्या ताटल्या, गॅलरीतली बादली, पक्ष्यांची वाटी तिने ओतायची आणि कडा घासायच्या, कारण अंडी कडेला चिकटलेली असतात. फ्रिजमागचा ट्रे तिच्या बाबांनी काढायचा. पाच वर्षांच्या मुलीला ‘तपासणी अधिकारी’ व्हायला फार आवडतं. शेजाऱ्यांच्या कुंड्याही तपासून येईल, तेवढं सांभाळ.

इथेच त्या फोटोवाल्या आईचा विषय संपवते. ती वाईट नाही, तिला ते जमतं आणि आवडतं. पण तू मुलांसाठी वेगळे ‘उपक्रम’ शोधत बसू नकोस. प्रत्येक ऋतू घरात आपापलं काम घेऊन येतोच, त्यातलं एक टोक मुलांच्या हातात द्यायचं. श्रावणात सोमवार-शनिवारची उसळ करशील, त्यातले मूग धाकट्याला भिजवायला दे. दुसऱ्या दिवशी फडक्यात बांधायला दे. मग तो दर तासाला पुरचुंडी उघडून ‘आले का?’ विचारेल आणि मोड मोडेल. मोडू दे. थंडीत मटार सोलायला दे, पण समोर बसूनच. माझ्या धाकट्याने एक दाणा नाकात सारला होता आणि दोन दिवस कोणाला सांगितलं नाही. नाक-कान-घशाच्या डॉक्टरांनी तो चिमट्याने काढून हातात ठेवला तेव्हा त्याला मोड आला होता. आमच्या घरात अजून त्याला वाटाणा म्हणतात, वय वर्षं ३४.

मोबाईलचंही उत्तर यातच आहे, पण अर्धंच. जागतिक आरोग्य संघटना २ ते ४ वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला जास्तीत जास्त एक तास म्हणते, कमी तितकं बरं. तुझा स्वयंपाक तासाभराचा. म्हणजे तू काही राक्षसीण नाहीस, काठावर आहेस. आठवड्यातले चार दिवस त्याला ओट्याजवळ पण गॅसपासून लांब बसवून कणकेचा गोळा, पळी, दोन डबे दे. स्वयंपाकाला दीड तास लागेल, कणीक फरशीला चिकटेल. उरलेले तीन दिवस अर्धा तास मोबाईल दे आणि अपराधी वाटून घेऊ नकोस. जेवताना मात्र अजिबात नको. समोर चित्रं हलत असली की पोट भरलंय की नाही हे मुलाला कळत नाही.

सासूबाईंचं म्हणणं खरं आहे, त्यांना कागद लागला नसेल. पण त्या चार मुलांना वाढवताना घरात आजी होती का, जाऊ होती का, अंगणात पोरांकडे नजर ठेवणारं कोण होतं, हे एकदा त्यांनाच विचार. टोमणा म्हणून नाही, खरोखर ऐकायचं म्हणून विचार. बायका या प्रश्नावर तासभर बोलतात आणि शेवटी बहुधा ‘मेले होते मी तेव्हा’ असं म्हणतात. जुन्या घरांतली ऋतूंची कामं आपण आज गोड करून सांगतो. ती कामं करणाऱ्यांच्या कमरा कुणी मोजल्या नाहीत. मीही मोजल्या नव्हत्या, आईची कंबर गेली तेव्हा समजलं.

आणि यजमानांचं काय? तुझ्या एवढ्या मोठ्या पत्रात ते फक्त जातात आणि येतात. नऊला येणाऱ्या माणसाकडून संध्याकाळ मागता येत नाही हे मला कळतं. रविवार मागता येतो, सकाळचे सहा ते पावणेसात मागता येतात. मोठीची वेणी, डबा भरणं, रविवारचं धुणं. ‘मदत’ हा शब्द वापरू नकोस, कामाचं नाव घे. पावसाळ्यासाठी आणखी एक बोलून ठेवा. २०१९ च्या जुलैत उल्हासच्या पुरात महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये अडकली होती, हे तुम्हाला मी सांगायला नको. लोकल बंद पडल्या तर ते कुठे थांबतील, तुझ्याकडे रात्री कोण येईल, घरात दोन दिवसांचं दूध-औषध आहे का, हे जूनच्या पहिल्या आठवड्यात ठरवायचं. यंदा राहिलं असेल तर या रविवारी.

पुढचे महिने भराभर सांगते. ऑक्टोबरचं ऊन मुलांना चिडकं करतं. शाळेतून आल्या आल्या पाणी, आंघोळ, आणि अर्धा तास कोणी काही विचारायचं नाही. दिवाळीत सोडायचं काम फराळाचं. तीन पदार्थ विकत आण, एक घरी कर, शंकरपाळे कापायला मुलांना घे. वाचलेला वेळ किल्ल्यात घाल. विटा, गोणपाट, माती, पाणी, आणि वर अळीव. सुट्टी लागली की लगेच पेरला तर लक्ष्मीपूजनापर्यंत किल्ला हिरवा होतो. सोसायटीतले काका ‘पार्किंगमध्ये चिखल’ म्हणून ओरडतात. ओरडू देत, नंतर तेच मावळे कुठे ठेवायचे ते सांगायला येतात. फुलबाजीची जळालेली तार पाण्याच्या बादलीत टाकायची सवय लाव. कुठे भाजलंच तर नळाच्या वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटं धर, टूथपेस्ट नको.

थंडीबद्दल काय सांगू, थंडी सोपी आहे. फक्त बोरन्हाणात धाकट्यावर बोरं, हलवा, शेंगदाणे ओतले की बाकीची पोरं वेचायला धावतात आणि तोही सापडेल ते तोंडात घालतो. अख्खा शेंगदाणा आणि बोराची बी अडीच वर्षांच्या मुलाच्या श्वासनळीत अडकू शकते. चुरमुरे घाल, बिस्किटं घाल, बोरं डोक्यावर झाली की लगेच उचल. हलव्याचे दागिने त्याने चाटले तर फोटोत चेहरा चिकट येईल, येऊ दे.

उन्हाळा मात्र तुझा. अकोल्यात मे महिन्यात पारा ४४-४५ ला जातो आणि तू त्यातच मोठी झालीस, तेव्हा बारा ते चार दार लावून बसणं, कांदा-कैरी, पन्हं हे मी तुला शिकवायचं कारण नाही. माहेरी जाशील तेव्हा एकाच गोष्टीकडे डोळे लाव. कूलर. बदलापूरच्या मुलांना कूलरची सवय नसते, ती गार वाऱ्यासाठी ओल्या हातांनी जाळीला चिकटतात. पत्र्याच्या कूलरचा शॉक दर उन्हाळ्यात विदर्भात जीव घेतो. पाणी भरताना प्लग काढायचा, आणि मुलांनी कूलरला हात लावायचा नाही, हे भावाला आणि बाबांनाही पहिल्याच दिवशी सांग. बाकी सकाळी सहाला आजीबरोबर गच्चीवर कुरडया. मोठीच्या हातात काठी, कावळे हाकायला. धाकट्याला वाटीत गव्हाचा गरम चीक, वर तूप-साखर. दुपारी दोघं तीन-तीन तास झोपतील आणि रात्री अकरापर्यंत जागतील. जागू देत. महिनाभर आठचा नियम रजेवर. जूनच्या पहिल्या आठवड्यात परत आलीस की शाळा उघडेपर्यंत झोप रोज पंधरा-वीस मिनिटं अलीकडे आणायची. तेव्हा बदलापूरला जांभळं आलेली असतात. जांभळाचे डाग निघत नाहीत, म्हणून पावसाळ्यासाठी काढून ठेवलेले जुनेच कपडे घालून खाऊ दे.

आता गणपती. जा, आणि आठवडाभर जा. सिनियर केजीचा एक आठवडा बुडला तर तुझी मुलगी मागे पडत नाही, हे ३१ वर्षं त्याच वर्गांत उभी राहिलेली बाई सांगते आहे. साधी सर्दी असेल तर थांबायचं कारण नाही. ताप असेल किंवा श्वासाचं मी सांगितलं तसं काही दिसलं, तर तू आणि धाकटा मागाहून. सोबत पॅरासिटामॉल डॉक्टरांनी वजनाप्रमाणे लिहून दिलेल्या मापाने, ओआरएसची पाकिटं, दोन टॉवेल जास्तीचे, आणि विहिरीला कठडा-झाकण आहे का हे नवऱ्याने पोहोचल्या पोहोचल्या बघायचं, चहाच्या आधी.

तुझ्या माहेरच्या महालक्ष्म्या आणि त्यांच्याकडच्या गौरी यांत नैवेद्यापासून सगळं वेगळं असतं, सात वर्षांत तुला ते पाठ झालं असेल. तू आधीच सासूबाईंना फोन करून एवढंच सांग की धाकट्याला सातला गरम पेज किंवा मऊ भात मिळू दे, आरतीच्या आधी. आरत्या लांबतात, प्रसादाला नऊ वाजतात, उपाशी मूल मोदक बघून रडतं आणि मग चार माणसं ‘याला काय झालं’ म्हणून तुझ्याकडे बघतात. हे त्यांनी हातात घेतलं तर तुझं निम्मं काम हलकं होईल, आणि त्यांना ते घ्यायला आवडेलही, चार मुलांचा अनुभव आहे.

दुर्वा निवडायचं काम मोठीला दे, एकवीसच्या जुड्या ती नीट मोजेल. धाकट्याला मोजता येत नाही. त्याला झांजा दे, आणि त्या आरतीनंतर काढून घ्यायची जबाबदारी आजीची.